खंडेनवमीचं पिस्तूल

माझ्या पिस्तुलाने आजवर एकच माणूस जायबंदी केला आहे, आणि तो माझा सख्खा काका आहे. गोळी वगैरे झाडली नव्हती. पिस्तुलात गोळीच नव्हती.

झालं असं, की पनवेलजवळची आमची भातजमीन विकली गेली, हातात चार पैसे आले आणि मला वाटू लागलं, की आता आपल्याला शत्रू असायला हवेत. स्वसंरक्षणाच्या परवान्यासाठी मी तीन वर्षं चपला झिजवल्या. माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुमाला मारायला कोन येनार हाय? भाजीवाला पन तुमाला दटावून दोन जुड्या जास्तीच्या गळ्यात मारतो." मी तिकडे दुर्लक्ष केलं. (भाजी मात्र खाल्ली.)

परवाना मिळाल्यावर दुकानदाराने बाजारात नुकत्याच आलेल्या, खिशात मावेल अशा पिस्तुलाचा फोटो दाखवला. फोटोत ते फार रुबाबदार दिसत होतं. घरी आणून उघडलं तर मूठ प्लास्टिकची, आणि हलवलं की आतून खुळखुळा वाजायचा. सुनंदाने ते तळहातावर तोललं आणि आपली खोबऱ्याची किसणी याच्याहून जड आहे, असं सांगून ती कामाला लागली. आठवड्याभरात कमरेच्या चामडी पाकिटात घासून त्याचा काळा रंगही निघाला. मला खरंच वाईट वाटलं. पण तोवर मी अख्ख्या भावकीला सांगून बसलो होतो.

त्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतात. आजोबांचा कोयता, विळे, पहार, धाकट्या भावाच्या न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या ट्रेलरचा पान्हा, सगळं. पूजेचा मान धर्माकाकांचा. काका जन्मभर मिठागरात राबलेले, खारी हवा कुठल्या लोखंडाचं काय करते ते नुसतं बघून सांगणारे. त्या वर्षी ते मान सोडणार होते आणि आजोबांचा कोयता पुढच्या माणसाच्या हाती देणार होते. तो पुढचा माणूस मी असावा, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून मी पिस्तूल कोयत्याच्या बरोबर शेजारी ठेवलं. (गोळ्या कपाटात, किल्ली सुनंदाकडे.)

काकांनी हळदकुंकू वाहिलं, वर दूध-पाणी शिंपडलं. कोयता चमकला. पिस्तूल पिवळं पडलं. काकांनी चष्मा पुसून ते पुन्हा एकदा पाहिलं.

आरती झाली. हत्यार कपाळाला लावायची माझी पाळी आली. सगळी भावकी बघत होती, म्हणून मी जरा ऐटीतच पिस्तूल उचललं. त्यावरचा झेंडूचा हार नळीच्या टोकाला अडकला. मी झटका दिला. हार सुटला, आणि नेम धरण्यासाठी टोकाला असतो तो काळा दाणाही हारासोबत उडाला. मी दचकलो, पिस्तुलाच्या मुठीतला गोळ्या भरायचा रिकामा डबा, म्हणजे मॅगझिन, निसटला आणि तीर्थाच्या वाटीत पडला.

"असंच असतं काय ह्ये?" काकांनी शांतपणे विचारलं.

"साफसफाईला सोपं जावं म्हणून सगळं सुटं होतं," मी म्हणालो. सुनंदाने पदर तोंडाला लावला.

दाणा काही सापडेना. पाटाखाली पाहिलं, फुलं झटकली, भावाने मोबाइलची बॅटरी लावून गालिचा विंचरला. शेवटी काका म्हणाले, राहू दे, प्रसाद वाटा. प्रसाद म्हणजे खोबरं, खारीक आणि काळ्या मनुका. काकांनी पहिली चिमूट तोंडात टाकली. कट्ट असा आवाज आला.

"ही मनुका नाय," काका म्हणाले.

काकांच्या तोंडात स्वतःच्या अशा चारच दाढा होत्या. आता तीन उरल्या. तळहातावर दाणा आणि दाढेचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही नीट पाहिलं. "दाढ सत्तर वर्सं टिकली," एवढंच ते म्हणाले. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. (पण ती विकलेली!)

दुकानदाराला फोन केला, तर त्याने पहिल्यांदा विचारलं, की त्यावर कसले डाग वगैरे पडलेत का. हळदीकुंकवाचे म्हटल्यावर वॉरंटी तिथेच संपली. दाढेचं मी सांगितलंच नाही.

संध्याकाळी जाताना काकांनी कोयता उचलला. मी नकळत दोन्ही हात पुढे केले. काका माझ्यासमोरून तसेच पुढे गेले आणि त्यांनी तो सुनंदाच्या हातात ठेवला. "मान सूनबाईचा," ते म्हणाले. "तिच्या हातातली वस्तू सुटी होत नाय."

आता दर नवमीला पूजा सुनंदा करते आणि नारळ त्याच कोयत्याने एका घावात फोडते. मी परवानाधारक माणूस, तिच्या मागे उभा असतो. प्रसादातल्या मनुका निवडायचं काम माझ्याकडे आहे.