सोलर बंबवाला

पंच्याण्णव सालच्या सुमारास पेणमध्ये सोलर बंब विकणारा एक गृहस्थ होता. बोलायचा आपल्याशी, पण नजर लोकांच्या गच्च्यांवर. गिझरच्या बिलाला कंटाळून आईने त्याला बोलावलं. त्याने गच्चीवर ऊन कुठवर येतं ते पाहिलं, जुनी बिलं मागितली आणि ओटीवर बसून बराच वेळ आकडेमोड केली.

"काकी, नका घेऊ," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही दोघंच माणसं. घातलेले पैसे सुटायला बारा वर्षं जातील."

त्या महिन्यात त्याचा एकही बंब खपला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं.

"अरे, आणि तुझं कमिशन?" आईने विचारलं.

तो ओशाळून हसला. "जाईल. पण मला याच गावात राहायचं हाय ना, काकी."