टेपाडावरची मुलाखत आणि मी पसंत केलेले बड्स

तक्रारदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण इयत्ता नववीपर्यंत, व्यवसाय अर्जनवीस, बैठक भोर येथे तहसील कचेरीसमोर, चिंचेखाली.
सामनेवाला : मी स्वतःच.
जिचे नुकसान झाले ती : माझी भाची, थोरल्या बहिणीची धाकटी मुलगी, पदवीधर, राहणार वेल्ह्याच्या वरच्या अंगाची एक वाडी.
घटनेचा दिवस : दसऱ्यानंतरचा दुसरा शनिवार, सकाळी अकराच्या सुमारास.
साक्षीदार : एक, माझी बहीण, जिला मी अक्का म्हणतो. दोन, माझे दाजी. तीन, एस.टी. स्टँडजवळच्या मोबाईल दुकानातील बाई.
नावे घरातली असल्याने लिहिलेली नाहीत. बाकी मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

अर्जाची मांडणी मी अशीच करतो आणि ती चांगली करतो, असे भोर तालुक्यात पुष्कळ लोक मानतात. सातबाऱ्यावरील नोंद असो, वारसाचे प्रकरण असो, शेताच्या बांधावरून वाट अडवल्याची तक्रार असो, माझ्या बाकड्यावर बसलेला माणूस मोकळ्या मनाने उठून जातो. याचे रहस्य माझ्या एका नियमात आहे. अर्जदाराने आपले म्हणणे एकदाच सांगायचे. पुढे त्याने बोलायचे नाही. कारण माणसे बोलू लागली म्हणजे आजोबांच्या म्हशीपर्यंत जातात आणि मूळ विषय राहून जातो. मी दोन वाक्यांत विषय ओळखतो, हात वर करतो, "मुद्द्याचं बोला" म्हणतो आणि लिहू लागतो. सही अगर अंगठा घेण्यापुरता मग तो माणूस लागतो.

कानात घालायच्या बिनवायरच्या बड्सशी माझा संबंध दोन वर्षांपूर्वी आला. पुण्यात कामाला गेलेले पक्षकार हल्ली प्रत्यक्ष येत नाहीत, आपली हकिकत आवाजात भरून मोबाईलवर पाठवतात. कचेरीसमोर गाड्यांचे भोंगे, त्यात ती हकिकत ऐकू येईना. म्हणून मी बाहेरचा आवाज दाबणारे, गोल गोट्यासारखे दिसणारे बड्स घेतले. ते कानात बसले आणि भोर शहर जणू रजेवर गेले. मी खूष झालो. इतका, की मला त्या विषयातले सर्व कळते असे मला वाटू लागले आणि लोकांनाही मी तसे वाटू दिले.

पहिला सल्ला कामथडीच्या दुधाच्या टेम्पोवाल्याला दिला. माझ्यासारखेच घे म्हटले. आठव्या दिवशी तो बाकड्यापुढे टेम्पो उभा करून खिडकीतूनच ओरडला, "अर्जनवीस सायेब, तुमचं ते कानात घातलं आनि मागचा डंपर मला दिसला, ऐकू न्हाई आला! आता माझ्या बायकोचा वारसाचा अर्ज लिवून ठेवा!" सभोवतालचे लोक हसले. मी गंभीर चेहऱ्याने त्याला सांगितले की वाहनचालकासाठी बाहेरचे ऐकू येणारे, एकाच कानात घालायचे घ्यावे. त्याने तसे केले आणि त्याला बरे पडले. यातून मी शिकायला हवे होते ते हे, की घेणाऱ्याचा दिवस कुठे आणि कसा जातो ते आधी विचारावे. मी शिकलो ते हे, की माझा सल्ला अखेरीस बरोबर ठरतो.

आता मूळ प्रकरण.

भाची नवरात्रात माझ्याकडे आली, वेल्ह्याहून नसरापूर आणि नसरापूरहून भोर अशा दोन एस.टी. करून. पानशेतला शनिवार-रविवार पुण्याचे पाहुणे येतात, तिथल्या एका खानावळीत ती भाकऱ्या थापायला जाई. त्यातून साठवलेले पैसे तिने बरोबर आणले होते. एका कंपनीत ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम होते, पुण्यातल्या कचेरीत बसून करायचे. अर्ज तिने स्वतःच भरला होता, माझी मदत न घेता. हे मला थोडे लागले होते, तेही येथे नमूद करतो. मुलाखत मोबाईलवर होणार होती. तिचा मोबाईल भाताच्या खाचरात पडल्यापासून त्याचा माईक गेला होता. बोलायचे तर कानात काहीतरी घालूनच बोलावे लागणार होते.

या मुलाखतीवर काय अवलंबून होते ते मला पूर्ण ठाऊक होते. घरात ठरले होते, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर थांबू. न्हाईतर तुळशीचं लग्न झालं की स्थळं बघायची." दाजींनी हे माझ्यासमोर म्हटले होते आणि भाचीने ते मान्य केले होते, कारण दिवाळीपर्यंत आपण नोकरी मिळवू याबद्दल तिला शंका नव्हती.

मी तिला घेऊन दुकानात गेलो. दुकान तिशीतली एक बाई चालवते. तिने भाचीकडे पाहून विचारले, "ताई, कशासाठी पायजेत? गानी ऐकाय, गाडीवर, का बोलायला?"

"बोलायला. म्हणजे आमच्याकडं घरात रेंज—"

"थांब," मी म्हणालो. "मी सांगतो. मुलगी पदवीधर आहे, मुलाखत आहे. उत्तम प्रतीचे दाखवा."

"काका, कानात ह्या घालनार का तुमी?"

भाची हसली. मला ते आवडले नाही.

बाईने तीन प्रकार पुढे ठेवले. गोल, माझ्यासारखे. दांडीचे, ज्यांची दांडी गालाकडे उतरते. आणि साधे वायरचे. म्हणाली, "बोलायचं असंल तर दांडीचे बरे, माईक तोंडाजवळ येतो. आनि उघड्यावर उभं राहून बोलायचं असंल ना, तर सरळ वायरचे न्या. वायरीवरचा माईक तोंडाशी धरून हातानं आडोसा करता येतो. स्वस्त हायेत, पन कामाचे."

"मामा, आमचं तिथं वर लई—" भाची म्हणाली.

मी हात वर केला. "मुद्द्याचं बोल."

ती गप्प झाली. बाकड्यावरची माणसे होतात तशीच.

मग मी काय केले? दुकानातले नमुन्याचे गोल बड्स मी माझ्या कानात घातले, भजन लावले, मृदंगाची थाप छातीत उतरली आणि मी निर्णय दिला. वायरचे घेऊन पदवीधर मुलीने मुलाखतीला बसावे हे मला शोभेसे वाटले नाही. ज्या वस्तूने दुसऱ्याला हिचे ऐकू जायचे होते, ती वस्तू मी मला किती छान ऐकू येते यावरून पसंत केली. हे वाक्य आज लिहिताना सोपे वाटते. त्या दिवशी ते माझ्या डोक्यातही आले नाही. पैसे भाचीने दिले.

मुलाखतीला मी मुद्दाम वाडीवर गेलो. माझ्या देखरेखीखाली हे व्हावे, अशी माझी भावना होती. तिथे गेल्यावर कळले की घरात तर सोडाच, सगळ्या वाडीत कुठे रेंज नाही. वरच्या टेपाडावर एका दगडाजवळ तेवढी येते. मी त्या घरी वर्षानुवर्षे जातो. माझा मोबाईल तिथे बंद पडतो आणि मी तो खिशात ठेवून झोप काढतो. रेंज कुठे येते हे विचारायची मला कधी गरज पडली नव्हती.

आम्ही वर चढलो. भाचीने इस्त्रीचा ड्रेस घातला होता. अक्काने उन्हाला छत्री धरली, ती पहिल्याच झोताला उलटी झाली. घाटावरून येणारा वारा त्या टेपाडावर बारा महिने वाहतो. गवतही तिथे एका अंगाला निजलेले असते. दुकानात ती "वर लई" म्हणाली होती, त्याच्या पुढचा शब्द मला तेव्हा समजला.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचे बोलणे फक्त भाचीच्या कानात होते. मला ऐकू आले ते एवढेच :

"नमस्कार मॅडम. हो, येतोय मला आवाज... माझा येतोय का?... हो, जोरात बोलते... नाही मॅडम, गिरणी नाही. गिरणीत नाहीये मी, वारा आहे... आता येतोय का?"

तिने आपली ओळख प्रमाण भाषेत, स्वच्छ उच्चारात तयार केली होती. ती तिने चार वेळा सांगितली. अक्काने छत्री टाकून पदर दोन्ही हातांनी तिच्या डोक्याभोवती धरला. मी अंगातला कोट काढून आडोसा केला. गोट्यासारखे ते बड्स कानाच्या भोकात बसलेले, आणि त्यांचा माईक वाऱ्याकडे तोंड करून. शेवटी ती म्हणाली, "समजलं मॅडम. धन्यवाद." तिने बड्स काढले, डबीत नीट बसवले आणि झाकण लावले.

"काय झालं गं?" अक्काने विचारले.

"त्यांना ऐकूच जात नव्हतं. या कामात आवाज हीच पहिली अट, म्हणाल्या. तीन महिन्यांनी परत अर्ज करता येईल."

उताराला बसलेले दाजी म्हणाले, "आगं एवढी वरडत हुतीस, मला हितं ऐकू आलं. त्यास्नी कसं न्हाई?"

मी तत्काळ म्हणालो, "माल सदोष आहे. त्या दुकानाकडे मी बघतो."

आणि खाली येताच, घराच्या ओट्यावर बसून, मी दुकानाविरुद्ध तक्रार लिहिली. दीड पान. "अर्जदार हिची घोर फसवणूक करून सदोष वस्तू विकली." भाची म्हणाली, "मामा, पण त्या ताई तर दुसरेच घ्या म्हणत—" मी म्हणालो, "सही कर." तिने केली. माझ्या हातून अनेक अर्ज गेले, पण खोटे आहे हे माहीत असलेल्या मुलीची सही मी त्या एकाच कागदावर घेतली.

सोमवारी मी तो कागद आणि बड्सची डबी घेऊन दुकानात गेलो. बाईने पूर्ण वाचला. मग तेच बड्स स्वतःच्या कानात घातले, मला दुकानाबाहेर उभे केले आणि मोबाईलवर फोन लावला. तिचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू आला. ती म्हणत होती, "काका, माल चांगलाय. जागा चुकली. त्या दिवशी ती ताई सांगत हुती, तुमी तिला गप्प केलं. मी काउंटरच्या आत हुते, बहिरी न्हवते." मी कागद फाडला. तिची क्षमा मागितली, पण इतक्या हळू की तिला ती ऐकू गेली की नाही, सांगता येणार नाही.

इथवरचा माझा गुन्हा अडाणीपणाचा म्हणता येईल. यापुढचा तसा नाही.

पाडव्याला मी वाडीवर गेलो. दाजींनी चहा पिता पिता विचारले, "काय म्हनलं दुकान?"

"माल ठीक निघाला," मी म्हणालो. आणि थांबलो.

"म्हंजे पोरीलाच बोलाय जमलं न्हाई, व्हय ना?" दाजी म्हणाले. रागाने नाही, थोड्या दुःखानेच म्हणाले. "भ्याली आसंल. तुमी एवढे भारीतले घेऊन दिले तरी."

मला एक वाक्य बोलायचे होते. लोकांसाठी मी अशी शेकडो वाक्ये लिहिली आहेत. मी बशी उचलली आणि मान डोलावली.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझी मान पाहिली. मग नेहमीच्याच आवाजात विचारले, "मामा, साखर कमी नाही ना झाली?"

ती माझ्याविरुद्ध कुणाजवळ काही बोललेली नाही. तिने तोंड उघडले की समोरच्याने हात वर करायचा, हे तिला मीच शिकवले असावे. चार दिवसांमागे अक्काचा निरोप आला, की तुळशीचे लग्न झाल्यावर किकवीचे पाहुणे मुलगी बघायला येणार आहेत, तू हजर राहा, बोलणी तूच कर, तुला चांगलं बोलता येतं. तो निरोप वाचल्यापासून मी बाकड्यावर बसतो, पण कुणाचा अर्ज हाती घेत नाही.

म्हणून हा मजकूर. तो मी अक्का व दाजी यांच्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचणार आहे. त्याआधी तो येथे लिहून ठेवला आहे, कारण मी आयत्या वेळी मान डोलावतो हे सिद्ध झाले आहे.

सबब, अक्का व दाजी यांस नम्र विनंती :

मुलीला बोलता आले नाही, हे आपले मत रद्द समजावे. तिला उत्तम बोलता येते. ते पलीकडे पोहोचू नये अशी व्यवस्था मी केली. दिवाळीपर्यंतची मुदत तिने गमावलेली नाही, ती माझ्यामुळे वाया गेली. तरी ती तिला पुन्हा द्यावी आणि कंपनीच्या पुढच्या मुलाखतीपर्यंत किकवीच्या पाहुण्यांस थांबण्याचा निरोप पाठवावा. तो निरोप देण्याचे अवघड काम माझ्याकडे द्यावे. कोणते बड्स घ्यायचे, की वायरच आणायची, की मुलाखतीपुरते भोरला येऊन माझ्या घरी दार लावून बसायचे, हे तिने सांगावे. तिला लागेल तेवढा वेळ, आजोबांच्या म्हशीपर्यंत गेली तरी, मी ऐकून घेईन.

माझ्या वर्तनाबद्दल योग्य तो निर्णय आपण द्यावा. तो मला मान्य राहील. मात्र या अर्जाचे उत्तर आपण देण्याआधी तिला विचारावे, आणि ते तिच्याच तोंडून मला कळवावे. पाहुण्यांचा दिवस पक्का होण्यापूर्वी उत्तर मिळावे, ही विनंती.