डागदरांनी पाडलेला डाग

आमच्या मालिकेत सगळे बड्या कंपन्यांचे मालक आहेत, पण साडेचारशे भागांत एकानेही काडीचं काम केलेलं नाही. ऑफिसात यायचं, फाईल आपटायची, एकमेकांकडे तीनदा वळून बघायचं, झालं! खरं काम चालतं ते स्टुडिओच्या मागच्या दाराशी, पत्र्याच्या खोलीत. तिथे डागदर असतात.

जुनी माणसं डॉक्टरला डागदर म्हणायची. आमचे कपडे धुणारे काका तर डागांचेच डॉक्टर, म्हणून हे नाव त्यांना चिकटलं. चाळीस वर्षं हेच काम. शाई, गंज, लिपस्टिक, नायकाच्या केसांचा रंग. त्यांच्यापुढे कशाचीच डाळ शिजत नाही. कपडा हातात आला की उजेडात धरतात, वास घेतात आणि विचारतात, "कधी पडला?" बाकीच्या चौकशा करत नाहीत. कोणत्या दृश्यात कोणाच्या अंगात काय होतं, हे सांभाळणं माझं काम.

मागच्या महिन्यात नायिकेने नायकाच्या पांढऱ्या शर्टावर कॉफी फेकली. दृश्य निम्मंच झालं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. अशा वेळी कपड्याला 'धुवू नये' अशी चिठ्ठी टाचायची असते. ती टाचायची मी विसरले. सकाळी आठला शर्ट हँगरवर, पांढराशुभ्र, आणि शेजारी डागदर खुशीत उभे.

"बघ, नावाला उरला नाही."

आधी एकदा मी नायिकेच्या कानातल्यांचा घोळ घातला होता, तेव्हाच दिग्दर्शकांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक झाली तर घरी बसायचं." नऊला नायक शर्ट चढवणार होता. माणूस अंगभर कॉफी घेऊन घराबाहेर पडतो आणि गाडीपाशी पोचेपर्यंत लख्ख होतो, असं कसं चालेल? मी तिथेच रडायला लागले.

डागदरांनी शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे डाग हवा होता?"

"हो काका."

"आधी तोंड उघडायला काय झालं होतं? तासभर झटलोय मी!" मग चेहरा वाकडा करून त्यांनी बाह्या सारल्या. "जा, मशीनची कॉफी आण. साखर घालून."

"साखर कशाला?"

"खिशापाशी कापड कडक झालं होतं. साखरच ती."

मी मोबाईलमधला कालच्या डागाचा फोटो दाखवला. एकदा बघून त्यांनी तो परत दिला. "यात डावीकडे सावली आहे, तिला डाग समजशील. मला पाठ आहे तो. काढायचा तर आधी नीट बघावा लागतो."

शर्टाच्या आत टॉवेल घालून त्यांनी चमच्याने कॉफी ओतली, कड सुकवली, पुन्हा ओतली. खिशाखाली तीन थेंब, मधला लांबट. बटणांच्या पट्टीवर अडलेला एक ओघळ.

"पाप केल्यासारखं वाटतंय गं," ते म्हणाले.

नऊला दिग्दर्शकांनी कालचं दृश्य पडद्यावर लावलं, नायकाला शेजारी उभं केलं, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, घ्या." माझा जीव भांड्यात पडला. इतका सुंदर डाग मी आजवर पाहिलेला नाही.

भाग दाखवला जाईपर्यंत असे कपडे धुवायचे नसतात, न जाणो पुन्हा लागले तर. आठ दिवसांनी भाग दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशी मी शर्ट घेऊन पत्र्याच्या खोलीत गेले.

"काका, बघितलात का?"

"बघितला. बायको म्हणाली, एवढे पैसेवाले, आणि शर्ट धुवायला माणूस नाही?"

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? चाळीस वर्षं तिला दाखवतोय, तो कोट मी धुतलाय, तो झगा मी धुतलाय. ती म्हणते, त्यात काय, टीव्हीत सगळे स्वच्छच असतात. माझ्या कामाकडे तिचं लक्ष काल पहिल्यांदा गेलं."

ते हसले, पण मला हसू आलं नाही. त्यांनी शर्ट उजेडात धरला, वास घेतला आणि सवयीने विचारलं, "कधी पडला?"

"पडला नाही काका. तुम्ही पाडलात."

बादली भरलेली होती. डागदरांनी शर्ट पुन्हा हँगरवर चढवला.

"राहू दे आजचा दिवस," ते म्हणाले.