सरावाचा अंगठा

वाचता वाचता जरा जवळ सरक गं बयो. पुण्यात कंप्युटरवर काम करतेस, पण कुठंही अंगठा टेकवतेस, दिसेल त्या चौकोनात खूण करतेस, आणि आजीनं काही विचारलं की फोनवर फिदीफिदी हसतेस. शोभतं का?

तुझे आजोबा फौजेत वायरलेसवर होते. त्यांच्या माघारी मला पेन्शन मिळते. ती चालू राहायची तर दिवाळी सरली की मी जिवंत आहे असा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी कराडला बँकेत साहेबासमोर उभं राहिलं की झालं. यंदा गावातच केंद्र निघालं, तिथं यंत्रावर अंगठा टेकवला की दाखला जातो. चालवणारी आपल्या आळीतलीच सून.

ती म्हणाली, "काकी, आधी टेस्ट करू, मग खरं करू."

मी अंगठा पदराखाली घेतला. "टेस्ट हाय हे तुला ठावं, मला ठावं. पल्याड ज्याला पोचणार, त्याला कोण सांगणार?"

"आवं, त्यास्नी कळतंय सगळं."

"कशावरनं?"

ती पडद्याकडं बघायला लागली. तिथंच मला शंका आली. आजोबा सांगायचे, सरावाचा निरोप धाडताना पहिला शब्द 'सराव' आणि शेवटचाही 'सराव'. निरोपाच्या पोटातच तो असायचा. कुणी अर्ध्यातनं ऐकलं तरी चुकायला नको. मी चष्मा लावून पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. नाव, नंबर, पुनर्विवाह केला आहे का. सराव म्हणून सांगायला कुठंच जागा नाही.

"खरं सांग, आदी कुणाचा अंगठा घेतलास?"

"आत्यांचा." म्हणजे तिच्या सासूचा. तीही फौजीचीच विधवा. "आन् ते लग्नाचं इचारतंय न्हवं, तितं 'हो' केलं. काय व्हतंय बघाय."

"मग?"

"पावती आली की."

"म्हंजी सासूचं लगीन लावलंस की गं!"

ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड उतरलं. बँकेत फोन लावला, तर तिकडं खरंच पोचलेलं. विधवेनं दुसरं लग्न केलं म्हणून पेन्शन थांबवलेली. तिची म्हातारी सासू दारातनं म्हणते, "लगीन लावलंत, तर नवरा तरी दावा!"

आता दुरुस्तीचा अर्ज गेलाय. त्यातही खरं काय धरतील, कोण जाणे.

मी मात्र टेस्ट करू दिली नाही. तिला एकेक चौकोन मोठ्यानं वाचायला लावला आणि एकदाच, खराच अंगठा दिला. पावती आली. ती म्हातारीच्या पावतीशेजारी ठेवली, तर कागद तोच, अक्षर तेच. मग माझी खरी कशावरनं?

यंत्रायंत्रांतल्या निरोपांचे नियम तुम्हीच पोरं लिहिता म्हणतेस. मग सरावाची जागा नियमातच ठेवा, नुसतं तोंडानं सांगून भागत नाही. आणि येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये. माझी पावती तू बघितल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही. लवकर ये.