आबांना जेवायला कुठे न्यायचं

सुरतेत पांडेसऱ्याच्या आसपास खायला चांगलं कुठे मिळतं, असं मला कोणी विचारलं की मी अजूनही सुटतो. नव्वदच्या दशकातली निम्मी ठिकाणं आता राहिलेली नाहीत हे ठाऊक असूनही सुटतो. पण ही माहिती मी हौसेने गोळा केलेली नाही. माझ्या मोठ्या भावाच्या सासऱ्यांनी ती माझ्या गळ्यात मारली.

वहिनी त्यांना आबा म्हणायची म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. खानदेशातल्या एका खेड्यात त्यांची शेती होती. पेरणी-काढणीतून सवड मिळाली की ते भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने उधन्याला उतरायचे. खांद्यावर दादर ज्वारी, उडीद आणि लाल मिरच्यांची पिशवी. आमच्या ओट्यावर बसायचे, लेकीकडे बघून घ्यायचे, गावाकडच्या बातम्या सांगायचे. आणि आमच्या घरचं घोटभर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. लेक दिली त्या घरचं अन्न बापाने खायचं नाही, अशी रीत. काहींकडे नातवंड झालं की ही बंदी उठते. आबांच्या घराण्यात तेवढीही सवलत नव्हती. झोपायला ते पुढच्या गल्लीत गाववाल्याच्या खोलीवर जायचे. तो गडी एकटाच राहायचा आणि स्वतःच बाहेर जेवायचा. म्हणजे आबांच्या जेवणाचा प्रश्न उभाच.

भाऊ डाइंग मिलमध्ये बारा-बारा तास उभा असायचा. मी कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, फोल्डिंगला होतो, माझी पाळी दुपारनंतर सुरू व्हायची आणि खाण्याच्या बाबतीत माझी कीर्ती आधीच पसरलेली होती. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

"भाऊजी, आबाले चांगलं जेवाडा," वहिनी दारातून सांगायची. आमच्या घरात अहिराणीच चालायची. सांगताना तिच्या हाताला पीठ लागलेलं असायचं, कारण आत आमच्या सगळ्यांच्या भाकरी चालू असायच्या. त्या भाकरीचा वास ओट्यावर यायचा. आबा तो वास घेत चपला घालायचे. मला तर तेव्हा दोघांचाही राग यायचा, त्यांचा आणि त्यांच्या त्या रीतीचा.

सकाळी मी त्यांना लोचो खायला न्यायचो. वाफाळता, सैलसर, वरून तेल, कांदा, शेव. आबांनी पहिल्या दिवशी बशीकडे बघून निकाल दिला, "हाई तं बिघडेल ढोकळा शे." लोचोवाल्याला अहिराणी कळायची, सारा धंदाच आमच्या लोकांवर चालायचा त्याचा. तो खो खो हसला. सुरतेचे लोक स्वतःच सांगतात की लोचो हा बिघडलेल्या खमणातून निघालेला प्रकार आहे. एका घासात हे ओळखणारा पाहुणा त्याला पहिल्यांदाच भेटला होता. त्याने आबांच्या बशीत आणखी एक चमचा तेल सोडलं.

उधन्याच्या थाळीवाल्याकडे मात्र फजिती झाली. आबांनी गुळाच्या डाळीचा भुरका मारला आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारलं, "दायमा गूय कोन टाकस?" वाढप्याला वाटलं, काकांना डाळ आवडली. त्याने लगबगीने अजून एक पळी वाढली. आबा अन्न टाकणारे नव्हते. ती सगळी गोड डाळ त्यांनी औषधासारखी संपवली आणि परत जाताना रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत.

तरी आम्ही हिंडत राहिलो. रांदेरची आलूपुरी झाली. थंडीत तापीपलीकडे पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे तो शेव आणि लिंबाबरोबर तोलून विकतात. "आमना वावरमा हाई फुकट मियस," असं आबा दुकानदाराला ऐकवत राहिले आणि ऐकवता ऐकवता दुसऱ्यांदा घेऊन खाल्ला. कडोदऱ्याला हायवेवरच्या ढाब्यावर खाटेवर मांडी घालून बसले, ट्रकवाल्यांशी गप्पा हाणल्या, डाळीत गूळ नाही म्हणून ढाबेवाल्याला आशीर्वाद दिला, आणि रोटी चामड्यासारखी आहे हेही सांगितलं. मला त्या भटकंतीची चटकच लागली. ते येणार असं कळलं की मी आठवडाभर आधीपासून बेत आखायचो.

एकदा ते म्हणाले, बारडोलीला जायचंय. साखर कारखान्याच्या बाजूला त्यांच्या गावची ऊसतोडीची माणसं उतरली होती. मी पात्र्याच्या आशेने बरोबर गेलो. पात्रा म्हणजे आपली अळूवडी, बारडोलीची फार नावाजलेली. पण ती राहिलीच. पाचटाच्या झोपड्यांसमोर एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. तिने "आबा, जेवाले बठा" म्हटलं आणि आबा बसले. भाकरी, ठेचा आणि वरून कच्चा कांदा. काय जेवले ते! इतक्या महिन्यांत मी त्यांना इतकं मनापासून जेवताना पाहिलं नव्हतं. कशालाही नाव ठेवलं नाही. मला फार बरं वाटलं.

ते मी आनंदाने घरी येऊन सांगितलं. वहिनी भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"गावभरना हातनं चालस," ती म्हणाली, "मनाच हातनं चालत नही." साऱ्या गावाच्या हातचं चालत होतं, फक्त तिच्याच हातचं नाही.

माहेरी असताना आबांचं ताट रोज तीच वाढायची. त्यांना मीठ किती लागतं, भाकरीचा कोणता पापुद्रा आवडतो, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्न झालं आणि तेवढं एक तिच्याकडून गेलं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, आबांचे हाल होतात. हाल तिचे होत होते.

पुढच्या काही महिन्यांत वहिनीने खानावळ काढायचं मनावर घेतलं. आमच्या नगरात लूमवर काम करणारी खानदेश-मराठवाड्याची माणसं एकेका खोलीत दाटीवाटीने राहायची. भाकरीसाठी ती कधीपासून तिच्या मागे लागली होती. भाऊ लगेच तयार झाला. म्हणाला, घरातच चूल आहे, चार भाकरी जास्त टाक. तर ही ऐकेना. तिला समोरची रिकामी खोली हवी. स्टोव्ह वेगळा हवा. तवा, परात, पातेली वेगळी. एवढंच काय, मिठाची बरणीसुद्धा घरून नेली नाही. भाऊ म्हणाला, हिला उगाच खर्च करायची हौस आली. मलाही तसंच वाटलं. माणसं मात्र पहिल्या आठवड्यापासून रांग लावून जेवायला लागली.

मग आबा आले. वहिनीने बजावलं होतं तसं मी त्यांना पिशवी ठेवू दिली आणि म्हणालो, "चला, आज नवी खानावळ."

खोलीत पहिली पंगत उठत होती. माणसं हात धुऊन पाळीवर निघाली होती. आबा आत शिरले आणि स्टोव्हपुढे लेक बसलेली पाहून तिथेच थबकले. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवून आणलंय. मागे वळायला त्यांनी पाऊलही उचललं.

"आबा, हाई घर नही," वहिनी मान वर न करता म्हणाली. "हाई खानावय शे."

आबा उंबऱ्यावर उभे राहिले. मग त्यांची उलटतपासणी सुरू झाली. स्टोव्ह घरचा का? नाही. भांडी? ती इथलीच. ज्वारी त्यांनीच घरी दिलेली तर नाही ना? नाही, बाजारची. खोली जावयाची का? भाड्याची. वहिनी भाकरी थापत एकेक उत्तर देत होती, आवाज अगदी शांत, पण परातीतलं पीठ तिने कितीदा मळलं याला हिशेब नव्हता. मिठाची बरणीसुद्धा तिने वेगळी का घेतली, ते मला आत्ता कळलं. ते नाही म्हणाले असते तर दुसरी युक्ती आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

"पैसा लेशी?" आबांनी शेवटी विचारलं.

"सगळास्ना लेस."

आबा बाहेर जाऊन हातपाय धुऊन आले आणि सतरंजीवर भिंतीशी बसले. बसल्या बसल्या त्यांनी बंडीतून पैसे काढून पुढ्यात ठेवले. आधी पैसे, मग घास, म्हणजे नंतर वाद नको.

वहिनीने ताट वाढलं. भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. ताट ठेवताना तिने पैशांकडे पाहिलं.

"आबा, हाई जास्त शे. एक ताटले इतला नही लागत."

"दोन ताटंस्ना शेतस," आबा म्हणाले. "तुनं बी वाढी ले."

वहिनी गोंधळली. आमच्याकडे बाया पुरुषांच्या मागून जेवतात. बापाच्या समोर ताट घेऊन ती जन्मात बसली नव्हती. "मी मांगून जेवसू," ती पुटपुटली.

"आंडेरना घरनं खावानी बंदी शे," आबा म्हणाले. "आंडेरले जेवाडानी बापले कोनी बंदी करेल शे का?"

लेकीचं खायची बंदी, पण लेकीला जेवू घालायची बापाला कोणी बंदी केलीय! वहिनीने पदराने डोळे पुसले, पण ते काही थांबेनात. मी उठून दुसरं ताट मांडलं, तिला जे जे लागतं ते वाढलं आणि स्टोव्ह बारीक केला. ती त्यांच्या समोर बसली. आबांनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली, पण घास हातातच धरून ठेवला. तिने तिचा घास उचलेपर्यंत ते थांबले, आणि मग दोघांनी एकदमच जेवायला सुरुवात केली.