अव्वांचा रोल

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. अक्काला नाही, आणि दाजींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. तुमचा चेहरा समोर नाही, म्हणून असेल.

नव्वदीच्या दशकात मला एक खूळ लागलं होतं. रंगीत फोटोंचा रोल घरी धुवायचा. कोल्हापुरात गल्लोगल्ली स्टुडिओ होते, पण मला ते स्वतः करायचं होतं. मुंबईहून रसायनांची पाकिटं मागवायची, कालवून काकवीच्या रिकाम्या, गडद काचेच्या बाटल्यांत भरायची. गोधडीत हात खुपसून, अंधारात चाचपडत रोल धुवायच्या उजेडबंद डब्यात चढवायचा. आणि रसायन किती गरम लागतं, सांगू? अंगात बारीक ताप असतो तेवढं! म्हणून बंबातलं पाणी घंगाळात घेऊन त्यात बाटल्या उभ्या करायच्या आणि घरातला तापाचा थर्मामीटर बुडवून बघायचा. आई विचारायची, "रोलला ताप आलाय व्हय रं?"

पहिली ओली पट्टी डब्यातून बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. नारिंगी पट्टीवर रंकाळा होता! आभाळ तपकिरी, आईचं हिरवं लुगडं गुलाबी, तिचे काळेभोर केस पांढरे — सगळं उलटं, आणि तरी सगळं जिथल्या तिथं. तुम्हाला वाटत असेल, फोटो रसायनात तयार होतो. तसं नाही हो. बटण दाबलं त्या क्षणीच तो फिल्मवर उतरलेला असतो. दिसत नाही, एवढंच. अंधारात गप्प बसून असतो, महिनोन्‌महिने. ह्याचं नवल माझ्या मनातून आजही गेलेलं नाही. देवळात जे वाटायला हवं, ते मला आमच्या मोरीत वाटायचं.

माझी थोरली बहीण, अक्का, गडहिंग्लजला दिलेली. तिच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. दाजींच्या आईला सगळं घर अव्वा म्हणायचं. अव्वांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. पुढचे दात पडलेले, त्याची लाज; आणि फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही भीती. दाजींनी एकदा माझा कॅमेरा गावी नेला. आणि एका सकाळी काय झालं कोण जाणे — अव्वा आपण होऊन घरामागच्या परड्यात येऊन बसल्या! दाजींनी अख्खा रोल त्यांच्यावरच संपवला. आधी तोंडावर धरलेला पदर, मग हसता हसता सुटलेला पदर. त्यानंतर थोड्याच दिवसांत अव्वा गेल्या.

दाजी एसटीनं कोल्हापूरला आले. कॅमेरा पिशवीत, रोल शर्टाच्या वरच्या खिशात. त्यांना तो स्टुडिओत द्यायचा होता. मीच म्हणालो — कशाला? घरी धुतो की. करामत दाखवायची होती, दुसरं काय?

बाटल्या सगळ्या एकसारख्या. त्यांच्यावर डकवलेले नावांचे कागद घंगाळातल्या गरम पाण्यात सुटले. मी पाहिलं — कागद वर तरंगत होते. थांबायला हवं होतं. थेंबभर ओतून बघायला हवं होतं. पण दाजी मोरीच्या दारात उभे, आणि माझं व्याख्यान चाललेलं. हाताला आली ती बाटली उचलली आणि डब्यात ओतली. धार काळपट लाल पडली.

ते शेवटी घालायचं रसायन होतं. ते आधी गेलं, तर फिल्मवर दडून बसलेलं सगळं विरघळवून नेतं — दिसायच्या आधीच. मला तिथल्या तिथं कळलं. आणि मी काय केलं? डबा हलवत राहिलो. मग दुसरी बाटली ओतली, घड्याळ बघितलं, पाण्यानं खळबळलं. नाटक शेवटपर्यंत केलं.

पट्टी कोरी निघाली. दाजींनी ती उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. "काहीच न्हाय की ओ, पावणं." तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, रोल नीट बसलाच नव्हता. फिल्म पुढं सरकवायचं चाक नुसतंच फिरत गेलं, फिल्म जागची हलली नाही. एवढ्यावरही थांबलो नाही. कॅमेरा उघडून फिल्मचं टोक कुठं अडकवायचं, ते त्यांना शिकवलंसुद्धा! दाजी मान हलवत बघत होते. म्हणाले, "व्हय, चाक जरा हलकंच लागत हुतं मला."

चाक हलकं नव्हतं हो. फिल्म बरोबर सरकली होती. अव्वा त्या पट्टीवर होत्या — पदर सुटलेल्या, हसणाऱ्या. दाजींच्या खिशात बसून गडहिंग्लजहून आल्या होत्या, माझ्या मोरीपर्यंत आल्या होत्या.

दाजींनी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. लग्नाकार्यात कुणी पुढं केला तर स्वतःच सांगायचे, की आपण रोल न बसवता फोटो काढणारा माणूस. सगळे हसायचे. मीही हसायचो — सगळ्यांत मोठ्यानं.

पुढं डिजिटल कॅमेरे आले आणि माझं खूळ गेलं. त्या सुमारास एकदा गडहिंग्लजला गेलो होतो. अव्वांचा फोटो नाही, म्हणून त्यांचा पितळी पानडबा भिंतीतल्या देवळीत ठेवलेला असतो. रोजचं फूल त्यालाच. दाजींनी तो डबा माझ्यासमोर उघडला. आत ती पट्टी होती. मला वाटलं होतं, कधीच फेकून दिली असेल.

आता हे ऐका. रोल कॅमेऱ्यात जागचा हलला नाही, तरी धुतल्यावर पट्टीच्या कडेनं बारीक आकडे उमटतातच. फिल्म बनते तिथंच ते उजेडानं टिपलेले असतात. ह्या पट्टीवर एकही आकडा नाही; तेही माझ्या रसायनानं नेले. माझा खोटेपणा तिथं लख्ख दिसतो — जाणत्याला. आणि त्या घरात जाणता मी एकटाच होतो.

दाजींनी पट्टी खिडकीशी धरली, डोळे बारीक केले आणि मग माझ्या हातात दिली.

"बघा पावणं, तुमची नजर अजून चांगली हाय. कुठं कोपऱ्यात दिसती का अव्वा?"

मी पट्टी उजेडात धरली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिली.

"न्हाय, दाजी," मी म्हणालो, आणि पट्टी गुंडाळून परत डब्यात ठेवली.