परातीतलं पिवळं पाणी

प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढवतो, तो कधीकधी पिवळा पडतो. आज पडला, आणि बाटली हातात धरून मी मनानं आमच्या गास गावातल्या घराच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, कावीळ झाली होती. कावीळ उतरवणाऱ्या आजोबांनी तिच्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि हात परातीतल्या चुन्याच्या पाण्यात धुतले. ओल्या चुन्याचा वास सुटला. पाणी हळदीसारखं पिवळं होत गेलं. "उतरली! पानी बघ," म्हणत आई किती दिवसांनी हसली. तिच्याकडे बघून सुमनही दमलेलं हसली.

त्याच आठवड्यात सुमन गेली.

तो पिवळा रंग सालीचा होता. तोच रस चोळून माझे हात धुतले असते तरी पाणी तसंच झालं असतं. सुमनच्या यकृतात तेव्हा काय चाललं असेल, तेही मला आता कळतं.

आई अजून विचारते, "पिवळं सगळं पान्यात निघालेलं ना? मग पोरगी गेली कशी?"

यकृतावर संशोधन करणारी तिची लेक दर वेळी म्हणते, "ठाऊक नाही, आई."